हजार नगांची ऑर्डर दारात उभी आहे. घेऊ की हात जोडू?

टाकी_भरली, ठाणे

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो.

वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत माझा साडेचारशे फुटांचा भाड्याचा गाळा आहे. हाऊसिंग सोसायट्यांसाठी पाण्याच्या टाकीचा वायरलेस लेव्हल कंट्रोलर बनवतो. गच्चीवरच्या टाकीत सेन्सर, खाली पंपरूममध्ये एक डबा, दोघं लोरावर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर, एकमेकांशी बोलतात. बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये गच्चीपासून तळापर्यंत वायर ओढा म्हटलं की इलेक्ट्रिशियन आधी डक्टकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग चहा मागतो. अशा ठिकाणी आमचा माल खपतो. घोडबंदर रोडला टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या आहेत. तिथे टाकी ओसंडली की विकतचं पाणी गटारात जाताना सगळ्यांना दिसतं, त्यामुळे गरज समजावून सांगावी लागत नाही.

माणसं किती, तर मी, एक टेक्निशियन आणि टेस्टिंग-पॅकिंगला एक मुलगी. बसवायला दोन इलेक्ट्रिशियन नगावर येतात.

हिशोब उघडाच करतो. सोसायटीला ९,५०० रुपये अधिक जीएसटी. नगाला माल ३,६०० चा, बसवायला ७००. महिन्याला ४५ नग जातात. निम्मे पैसे ऑर्डरसोबत, निम्मे टाकी भरून पंप आपोआप बंद झालेला सेक्रेटरींनी बघितल्यावर. भाडं आणि पगार मिळून १ लाख ६५ हजार. ते जाऊन सत्तर हजाराच्या आसपास उरतात, त्यात घर चालतं. अडीच वर्षांत साधारण ६४० नग बसले. फिरवायला हातात १२ लाख आहेत. कर्ज नाही.

आता मुद्दा. परराज्यातल्या एका मोठ्या वितरकाला माल आवडलाय. हजार नग, महिन्याला २५० प्रमाणे चार महिने, त्यांच्या लेबलखाली, नगाला ५,९०० आणि ९० दिवसांची उधारी. हे कळल्यावर ओळखीतून एक गुंतवणूकदारही भेटले. ६० लाख देतो म्हणतात, २० टक्के हिश्शासाठी. वर त्यांची सूचना अशी की बाजारातला तयार डबा वापरणं सोडा, स्वतःचा साचा बनवा, 'प्रॉडक्ट' दिसलं पाहिजे.

बायको बँकेत आहे. ती म्हणाली कागदावर मांड. मांडलं तर हजार नगांवर २३ लाख सुटताना दिसतात. इतकं सरळ दिसतंय म्हणूनच पोटात गोळा आलाय.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूटबद्दल वाचलं होतं. २००५ मध्ये सुरू झालेली, बाहेरचं भांडवल न घेता वाढलेली कंपनी. ते वाचलं की वाटतं आपल्यालाही जमेल, मग पाच तारीख येते आणि गाळ्याचं भाडं आठवतं. ज्यांनी स्वतः माल बनवून विकलाय त्यांनी बोला. ऑर्डर घेऊ का? पैसे घेऊ का?

---

मी_कळवेकर

भाऊ, लक्ष्मी टिळा लावायला आली असताना तोंड धुवायला जाऊ नये. घेऊन टाक. पुढचं पुढे.

---

रबाळेचा_म्हातारा

वरचा टिळा जरा पुसून ठेव, मग वाच.

मी १९९६ पासून रबाळ्याला टेंपरेचर कंट्रोलर आणि पॅनेल मीटर बनवले. आता मुलगी बघते. मी सकाळी जातो, चहा पितो, जुन्या रिलेंना (विजेच्या आपोआप चालणाऱ्या स्विचेसना) शिव्या देतो आणि जेवायला घरी येतो.

तुझ्या हिशोबात नफा आहे, त्यात दिवस घातलेले नाहीत. आपण घालू.

समज, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तू २५० नगांचा माल मागवलास. पार्ट येणार, बोर्ड असेंब्लीला जाणार, टेस्टिंग होणार. बिल जूनच्या सुरुवातीला फाटेल. त्यावर ९० दिवस म्हणजे सप्टेंबर. दरम्यान मे, जून, जुलैचाही माल तुला मागवायचाच आहे, कारण महिन्याला २५० कबूल केलेत. एका खेपेला ९ लाख, चार खेपा ३६ लाख. त्यावर तू पुरवठादारांना भरलेला १८ टक्के जीएसटी ६ लाख ४८ हजार. सप्टेंबर उजाडला तेव्हा तुझ्या खिशातून ४२ लाख ४८ हजार गेलेत आणि त्या वितरकाकडून एक रुपया आलेला नाही. तुझ्याकडे आहेत १२.

हे वितरक शब्दाचा पक्का आहे असं धरून. तो महिना-दीड महिना लांबला तर पुढची गंमत अशी, की तू फाडलेल्या बिलांवरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच असतो. पैसे आले का, हे सरकार विचारत नाही. खरेदीवरचं क्रेडिट जून-जुलैच्या बिलांना पुरेल. ऑगस्टच्या बिलाला जवळपास दीड लाख कमी पडतील आणि सप्टेंबरच्या बिलाचे २ लाख ६५ हजार पूर्ण खिशातून. न मिळालेल्या पैशावरचा कर.

आता ते ६० लाख बघ. ते येतील तुझ्या खात्यात आणि जाऊन बसतील त्या वितरकाच्या गोदामात. कंपनीचा पाचवा हिस्सा तू देणार, उधारी तो वापरणार. त्याला बिनव्याजी भांडवल पुरवायला तू तुझी कंपनी विकतोयस, एवढाच या व्यवहाराचा अर्थ मला लागतो.

आमच्याकडे एक जुने फोरमन होते, सातवी शिकलेले. ते म्हणायचे, रुपया घरातून निघाला की किती दिवसांनी परत येतो ते भिंतीवर लिहून ठेवा. तुझा सोसायटीचा रुपया साधारण ७० दिवसांत परत येतो, वर्षात पाच फेऱ्या मारतो आणि दर फेरीला दामदुपटीहून जास्त घेऊन येतो. निम्मा तर आधीच येतो. वितरकाचा रुपया पाच महिन्यांनी येणार, खरं म्हणजे सहा. वर्षात दोन फेऱ्या, आणि आणणार किती, तर ३,६०० वर २,३००. धंदा किती वेगाने वाढवायचा हे त्या फेरीवर ठरतं. बाकी सगळं उत्साहावर.

अ‍ॅडाफ्रूटचं उदाहरण दिलंस ते बरं झालं. त्या बाईंनी, लिमोर फ्राईड यांनी, किट विकून सुरुवात केली. त्यांचा माल उत्तमच आहे, पण आपण काय बघायचं? गिऱ्हाईक वेबसाईटवर कार्डाने पैसे भरतं आणि मग पार्सल निघतं. पैसा आधी, माल नंतर. तुझं सोसायटीचं गणित जवळपास तसंच आहे आणि तू ते सोडून उलट्या गणितात शिरायला निघालायस.

आता माझी फजिती. २०११ मध्ये प्लास्टिकची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने तीन हजार कंट्रोलर मागितले. १२० दिवस उधारी. मी पेढे वाटले. भाव इतका घासला होता की मी रिलेचा पुरवठादार बदलला, नगाला ११ रुपये वाचवायला. बाराशे नग गेले. तिसऱ्या महिन्यात फोन, की हीटर बंद होत नाहीये. जाऊन बघितलं, रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटलेला. कंट्रोलर बिचारा बंद कर, बंद कर म्हणतोय, आतून टक् आवाजसुद्धा येतोय, पण पत्र्या एकमेकींना सोडत नाहीत. बॅरलमधलं प्लास्टिक जळून काळं. महिन्याभराने माझा माल परत आला तो कांद्याच्या गोणीतून. खरोखर कांद्याच्या. डिस्प्लेच्या काचेवर सालं चिकटलेली. सोबत डेबिट नोट. १९ लाख अडकले होते, भांडून ७ मिळाले. दुसरा गाळा विकला.

त्या कंपनीची चूक थोडी, माझी जास्त. महिन्याला शंभर नग करणाऱ्याला शंभरात एक खराब निघाला तर तो स्वतः जाऊन बदलून येतो आणि कारण शोधतो. बाराशे एकदम गेले की कारण कळेपर्यंत बाराशे ठिकाणी तेच बसलेलं असतं. तुझे २५० नग परराज्यात, वर दुसऱ्याचं लेबल. पावसाळ्यात काही झालं तर तुला कळवणार कोण?

साच्याबद्दल. तयार डबा साडेतीनशेच्या आसपास पडत असेल. स्वतःच्या साच्यातला दीडशेला पडेल. साच्याला चार लाख धरले तर भागिले दोनशे, दोन हजार नगांनी वसूल. तुझ्या ४५ च्या वेगाने पावणेचार वर्षं. आणि तोवर तू आतला बोर्ड दोनदा बदललेला असशील. पंपरूममध्ये डबा कोण बघायला जातं? पंपवाला. त्याला दिवा हिरवा आहे की लाल एवढंच हवं असतं.

मग करायचं काय? वितरकाला नाही म्हणू नकोस, रोखीचा भाव सांग. उधारीत ५,९०० ना, रोखीत ५,४००. शंभर नग, निम्मे ऑर्डरसोबत, निम्मे माल निघायच्या आधी. कर सोडून बोलतो, माल ३ लाख ६० हजारांचा आणि हातात आधीच २ लाख ७०. तुझे अडकले नव्वद हजार. ते बुडाले तरी रात्री झोप लागेल. वॉरंटीचा घोळ नको, शंभरामागे दोन नग जादा दे आणि तिथेच संपव.

आणि तुझं खरं भांडवल तुझ्या पोस्टमध्येच आहे, तुला दिसलेलं नाही. ६४० टाक्या. वर्षाची देखभाल १,५०० रुपये, आगाऊ, पावसाआधी. निम्म्यांनी घेतली तरी पावणेपाच लाखांच्या वर. कुणाला हिस्सा नाही, व्याज नाही, आणि दरवर्षी त्याच महिन्यात.

बँकेच्या कर्जाला माझा विरोध नाही. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेच्या हमीखाली तारण न ठेवताही मिळतं, मॅडमना घरीच विचार. मशीनसाठी घे, टेस्टिंग जिगसाठी घे. दुसऱ्याच्या उधारीसाठी घेऊ नकोस.

---

महापे_खरेदी

काकांचं सगळं बरोबर. मी टेबलाच्या पलीकडून सांगते. बारा वर्षं महाप्याला एका कंपनीच्या खरेदी खात्यात आहे, म्हणजे छोट्या व्हेंडरच्या शिव्या खाणं हे माझं कामच आहे.

दादा, '९० दिवस' हे कधीपासून मोजायचे ते पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) काय लिहिलंय, ते आधी वाच. बहुतेक ठिकाणी बिलाची तारीख नसतेच. माल गेटवर आला, स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला, क्यूसीने (तपासणीवाल्यांनी) पास केला, की तिथून घड्याळ सुरू. क्यूसीचा माणूस गावी गेला की तुझं घड्याळ बंद. मग अकाउंट्समध्ये पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळवतात. मालाच्या प्रकाराचा एचएसएन कोड एका आकड्याने चुकला तरी फाईल बाजूला. तू तुझं रिटर्न वेळेत भरलं नाहीस आणि बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (व्हेंडरच्या रिटर्नवरून बनणाऱ्या पत्रकात) दिसलं नाही, तरी बाजूला. एवढं होऊन पेमेंट महिन्यातून दोनदाच निघतं. एक तारीख हुकली की पंधरा दिवस गेले. यात कोणी लबाडी करत नाही हो. कागद आपल्या गतीने चालतो.

कायदा तुझ्या बाजूचा आहे. तू उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असशील, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे उधारी चालत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकरातही पाचर मारली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. मार्च आला की आमचे साहेब एमएसएमई व्हेंडरची यादी मागायला लागलेत ते त्यामुळेच. म्हणजे ती ९० दिवसांची अट मुळात कायद्यात बसतच नाही.

पण खरं सांगू? सरकारी पोर्टलवर तक्रार करणाऱ्याला पैसे मिळू शकतात, पुढची ऑर्डर मिळत नाही. म्हणून कायदा शेवटी वापरायचा. आधी बोलीत वापरायचा. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छाप आणि पहिल्याच ईमेलमध्ये हसतखेळत लिही, की आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, ४५ दिवसांचं बंधन तुम्हाला ठाऊकच असेल.

आणि अ‍ॅडव्हान्स मागायला लाजू नकोस. आमच्याकडे असे तीन-चार व्हेंडर आहेत ज्यांना आम्ही अ‍ॅडव्हान्स देतो. ते फार मोठे आहेत असं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रोफॉर्मा पाठवून ठामपणे सांगितलं, म्हणून देतो. ज्याने मागितला नाही त्याला आपणहून कोण देणार?

---

घणसोली_फंडेड

मी दुसऱ्या बाजूचा. २०१९ मध्ये आम्ही गुंतवणूक घेतली होती. कारखान्यांसाठी वीजमापनाचं यंत्र होतं. नावं नकोत, ती माणसं वाईट नव्हती.

एकच प्रसंग सांगतो. २०२१, चिपची टंचाई. आम्ही जो मायक्रोकंट्रोलर १८० रुपयांना घ्यायचो तो लॅमिंग्टन रोडला एकाने १,४०० ला सांगितला. तुझ्यासारखा माणूस काय करेल? थांबेल, किंवा रात्री जागून दुसऱ्या चिपवर कोड बसवेल. आमच्या खात्यात पैसे होते आणि संचालक मंडळाला तिमाहीत वाढ दाखवायची होती, म्हणून आम्ही पाच हजार नग उचलले. त्या एका सहीने ७० लाख गेले. पुढे भाव खाली आले, मागणी आम्ही ठरवली होती तेवढी वाढली नाही. उरलेल्या चिपच्या रील्स अजून एका मित्राच्या माळ्यावर आहेत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. गणपतीत मखर काढायला वर चढलं की दिसतात.

फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. त्यात त्यांना गुंतवलेल्याच्या अनेकपट परत हवं असतं, आणि ते त्यांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. वर्षाला वीस-पंचवीस टक्के वाढणारा, नफा करणारा, ठाण्याचा टाकीवाला त्यांना काय कामाचा? तो तुझ्या बायकोला आणि तुला कामाचा.

एक मात्र कबूल करतो. पैसे होते म्हणून आम्ही वायरलेसची ईटीए (सरकारी मंजुरी), बॅटरीच्या चाचण्या, सर्ज टेस्ट (विजेचा झटका सोसतो का ते) हे सगळं पहिल्याच वर्षी नीट केलं. बिनपैशाचे लोक हे पुढे ढकलतात आणि मग परराज्यातला वितरक कागद मागतो तेव्हा पळापळ होते. तुझी ईटीए झाली आहे का, हे तू लिहिलं नाहीस.

---

सेक्रेटरी_मानपाडा

तुमचाच की दुसऱ्या कोणाचा माहीत नाही, पण असा डबा आमच्याकडे आहे. देखभालीचे १,५०० आम्ही बिनबोभाट देऊ, एजीएममध्ये विषयसुद्धा निघणार नाही. टँकरच्या एका खेपेला त्याहून जास्त जातात. फक्त जुलैत फोन उचला. आमच्याकडे मागच्या जुलैत दोन दिवस पंप बंद होता, डबा उघडला तर आत पाल. मेलेली.

---

रबाळेचा_म्हातारा

ही पाल महत्त्वाची. बाकी चर्चेपेक्षा मी तिला वर ठेवीन.

---

नेरुळ_२२

आमच्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे, टाक्या भरलेल्या असतात. तुमचा माल इकडे विकू नका, फजिती होईल. बाकी धागा झकास.

---

टाकी_भरली, ठाणे

तीन आठवड्यांनी लिहितोय. गायब नव्हतो, गच्च्यांवर होतो.

काकांचा ४२ लाख ४८ हजारांचा आकडा मी बायकोला दाखवला. तिने दोनदा बेरीज केली आणि म्हणाली, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू माझ्यावर चिडला असतास. चिडलो असतो.

वितरकाला रोखीचा भाव कळवला. फोनवर म्हणाले, असं या लाईनमध्ये कोणी करत नाही, आणि फोन ठेवला. नऊ दिवस काही नाही. त्या नऊ दिवसांत मी चार वेळा फोन उचलून '५,२०० ला देतो' म्हणायच्या बेतात होतो. मोबाईल टेक्निशियनकडे देऊन ठेवला. दहाव्या दिवशी त्यांचाच फोन. ८० नग, ५,५००, ४० टक्के आधी, बाकी माल निघण्यापूर्वी. लेबल त्यांचं, पण आत बोर्डवर आमचा नंबर छापलेला राहील हे मान्य करून घेतलं. गुरुवारी १ लाख ७६ हजार आले. ९० दिवसांचा विषय महापेच्या ताईंनी सांगितला तसाच ईमेलमध्ये घातला होता, तिथूनच गाडी वळली असं मला वाटतं.

देखभालीचं पत्र सगळ्या जुन्या सोसायट्यांना टाकलं. काल रात्रीपर्यंत ११८ जणांनी भरले. १ लाख ७७ हजार. वितरकाच्या अ‍ॅडव्हान्सपेक्षा हजार रुपये जास्त. बाकीच्यांना टेस्टिंगवाली मुलगी रोज वीस फोन करते. तिचा आवाज ऐकून लोक माझ्यापेक्षा लवकर हो म्हणतात.

गुंतवणूकदारांना भेटून नाही म्हणालो. चहा चांगला होता. म्हणाले, वर्षभराने आकडे दाखवा. दाखवीन.

घणसोलीच्या मित्रा, ईटीए मॉड्यूलची आहे, कागद फाईलला लावलाय. सर्ज टेस्ट केलेली नव्हती, पुढच्या महिन्यात करतोय.

मानपाड्याचे सेक्रेटरी, तो डबा आमचाच होता. मी तुमच्या पंपरूममध्ये येऊन गेलो, तुम्ही ऑफिसात होतात. आणि आता खरी अडचण. गेल्या तीन आठवड्यांत मी ५३ डबे उघडले. सात डब्यांत पाल. चार मेलेल्या, तीन जिवंत. एक पंपाच्या वायरसोबत इतकी निवांत बसली होती की तिलाच देखभालीचं बिल द्यावं. डबा आयपी-६५ आहे, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये असा, झाकणाचं रबर नीट आहे. शिरतात कुठून?

---

रबाळेचा_म्हातारा

एका ग्लँडमधून, म्हणजे वायर आत घ्यायच्या रबरी बुचातून, दोन वायरी घातल्यास ना? सप्लायची आणि पंपाची?

---

टाकी_भरली, ठाणे

हो. भोक एकच पाडतो, वेळ वाचतो.

---

रबाळेचा_म्हातारा

तिथूनच. ग्लँडचं रबर गोल, दोन वायरी मिळून गोल होत नाहीत. दोघींच्या मध्ये दोन्हीकडे फट राहते. पालीच्या पिल्लाला तेवढी पुरते, आत दिव्याच्या उबेला किडे असतात, ती खाऊन मोठी होते आणि मग बाहेर पडता येत नाही. आतल्या पॉवर सप्लायवर चढते आणि मरते.

वायरीगणिक वेगळा ग्लँड घे, पीजी-९ चालेल. ग्लँड डब्याच्या बुडाला, वर नको. आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घे, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल. जादा भोक पाडायला मिनिट लागेल. ८० नगांना ८० मिनिटं. तो माल निघायच्या आधी कर.